मांडीवरचा फ्लास्क

शिवाजीनगरहून भोसरीला जाणारी बस दापोडीच्या पुलावर अडकली की माझा जीव खालीवर व्हायचा. १९९२ सालचा पावसाळा. मांडीवर शालीत गुंडाळलेला चपटा फ्लास्क, त्यात लालसर रंगाचं माध्यम आणि त्या माध्यमात जिवंत पेशी. खड्ड्यांत हिंदकळून फेस होऊ नये म्हणून फ्लास्क काठोकाठ भरलेला असायचा, आणि पेशींना अंगाइतकी ऊब हवी म्हणून वरून शाल. बस थांबली की मी शालीची घडी जरा बाजूला करून रंग बघायचे. लालसर असला तर ठीक. पिवळटपणाकडे झुकला तर आत आम्ल वाढलं, म्हणजे लवकर पोचायला हवं. एकदा शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं, बाळाचं औषध आहे का?" मी म्हटलं, "नाही आजी, रक्तगट तपासायचं द्रव्य यातून करायचंय." त्यांनी शालीवर हात ठेवला. म्हणाल्या, "मग नीट धर हो."

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. एक शेड, नऊ माणसं, दोन फ्रिज आणि एक ऑटोक्लेव्ह. रक्तगट तपासायचं सिरम आम्ही बनवायचो. निळ्या रंगाचं अँटी-ए, पिवळ्या रंगाचं अँटी-बी. टाइलवर रक्ताचा थेंब, त्यावर सिरमचा थेंब, काडीनं ढवळायचं आणि गुठळी धरते का बघायचं. हे सिरम तेव्हा आम्ही माणसांच्या रक्तातूनच मिळवायचो. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी भरपूर, असे दाते शोधायचे. दाता बदलला की सिरमचा जोर बदलायचा. एक बॅच पाच सेकंदांत गुठळी धरायची, पुढची वीस सेकंद घ्यायची. रक्तपेढीतली माणसं फोन करून विचारायची, "यावेळी काय झालं हो?" आणि आमच्याकडे उत्तर नसायचं.

कारखान्याच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ बीएस्सी झालेले, वाचनाचा नाद असलेले. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कधीही न थांबता वाढणारी कर्कपेशी यांचं मीलन घडवून एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तितकं देणारी पेशी तयार केली होती, आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं होतं, हे भाऊंनी कुठल्याशा मासिकात वाचलं. ते कात्रण त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. "आपल्याला हे जमलं ना, तर प्रत्येक बाटली सारखी निघेल," असं ते म्हणायचे. मी नुकतीच एमएस्सी करून तिथं लागले होते. मलाही ते खरं वाटायचं.

पण नऊ माणसांच्या कारखान्यानं संशोधन संस्थेत शिरायचं कसं? तेव्हा त्याला एकच रस्ता होता, ओळखीचा. भाऊंच्या मेहुण्यांचे एक वर्गमित्र शहरातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्याकडे जायचं तर फाटकावर वही असे. नाव, पत्ता, कोणाला भेटायचं, कशासाठी. शेवटच्या रकान्यात भाऊ "वैयक्तिक" असं लिहायचे. "कारखान्याचं काम" लिहिलं की पहारेकरी आत फोन करी, आतले वर विचारत, आणि कारखान्याच्या माणसाला प्रयोगशाळेत घ्यावं की नाही याचा नियमच नसल्यानं सगळं तिथंच थांबे. शास्त्रज्ञांना उद्योगाबद्दल राग होता असं नव्हे. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की हेही आपलं काम आहे.

सरांनी मात्र आम्हाला घेतलं. स्वतःचं काम संपल्यावर, संध्याकाळी पाचनंतर. तीन महिने त्यांनी मला पेशी सांभाळायला शिकवलं. हात कसे धुवायचे, झाकण किती तिरकं धरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली सुखी पेशी कशी दिसते आणि दुःखी कशी. सुखी, दुःखी हे त्यांचेच शब्द. एक पैसा त्यांनी घेतला नाही. ग्रंथालयात बसून मी शोधनिबंध हातानं उतरवून काढायचे, आणि जो निबंध तिथं नसेल त्यासाठी परदेशातल्या लेखकाला पोस्टकार्ड टाकायचे. महिना-दीड महिन्यानं एखाद्या दिवशी परदेशी तिकिटाचं पाकीट आलं की अख्खी शेड गोळा व्हायची.

त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. फळ्यावर आकृती, हातात चहा, सर इंग्रजीत सांगताहेत, भाऊ मराठीत विचारताहेत आणि मधे मी. मला वाटायचं, मी भाषांतर करते. खरं काम वेगळंच होतं, हे पुढं कळलं.

एके दिवशी सर खुशीत म्हणाले, "झालं! क्लोन मिळाला." म्हणजे हवं तेच प्रतिपिंड देणाऱ्या एकाच पेशीचा वंश. आम्ही पेढे आणले. फ्लास्क मांडीवर घेऊन मी भोसरीला आले. भाऊंनी त्या द्रवाचे थेंब टाइलवर टाकले. साध्या ए गटाच्या रक्ताशी गुठळी क्षणात धरली. मग त्यांनी फ्रिजमधून एक जपून ठेवलेली नळी काढली. एबी गटाचाच एक पोटप्रकार, ज्यात ए चं लक्षण फार दुबळं असतं. त्या रक्ताशी आमचा थेंब कितीतरी वेळ गप्प राहिला. भाऊ म्हणाले, "नाही झालं." दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, तर ते जरा दुखावले. "असा नमुना शेकड्यात किती येतो?" भाऊंचं उत्तर मी तसंच्या तसं नेलं होतं: "सर, आपली बाटली ज्या पेढीत जाईल, तिथं तो एक माणूस खाटेवर असेलच."

तेव्हा मला उमगलं की प्रयोगशाळेतलं "झालं" वेगळं आणि कारखान्यातलं "झालं" वेगळं. एका फ्लास्कमध्ये एकदा गोष्ट घडली की शास्त्रज्ञाचं झालं. शंभरावी बाटली, दीड वर्षांनी, मे महिन्यात, नांदेडच्या पेढीत, वीज गेलेल्या दुपारी तेवढ्याच सेकंदांत गुठळी धरते, तेव्हा कारखान्याचं झालं. दोघंही खोटं बोलत नव्हते. या दोन "झालं"च्या मधलं अंतर चालून जाणारं कुणीतरी लागतं. त्या काळी तो रस्ता मी रोज बसनं कापत होते, पण त्याला काम म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या सात-आठ महिन्यांत सरांनी दुसरा क्लोन काढला. तो दुबळ्या नमुन्यालाही ओळखायचा. आणि मग सरांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी सरळ विचारलं, "तुमच्याकडे काही लेखी आहे का?" नव्हतं. दोन वर्षांच्या संध्याकाळींचा एक कागद नव्हता. क्लोनच्या कुप्या संस्थेच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत राहिल्या. आमच्याकडे आणलेल्या पेशींना त्या पावसाळ्यात बुरशी लागली, आणि भोसरीत गोठवून ठेवायची सोय नव्हती. त्या साहेबांना मी दोष देत नाही. कागद नसताना त्यांनी द्यायचं तरी कशाच्या जोरावर? पुढं आम्ही परदेशातून आलेलं द्रव्य बाटल्यांत भरून विकू लागलो. काचेखालचं कात्रण भाऊंनी काढलं नाही, पण त्याबद्दल बोलणं थांबलं.

पैशाचीही तीच कथा. जैवतंत्रज्ञानासाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग १९८६ मध्ये झाला होता. संस्थांना, विद्यापीठांना तिथून अनुदान मिळे. आमच्यासारख्यांनी अर्ज करायचा तर कुठल्या रकान्यात, हेच कळत नसे. भाऊंनी एकदा हिय्या केला. प्रस्तावाच्या डझनभर प्रती, टंकलेखन, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, आणि पोस्टावर भरवसा नको म्हणून झेलम एक्स्प्रेसनं स्वतः दिल्ली. एक रात्र आणि एक अख्खा दिवस. तिथं एका खिडकीवर त्यांना सांगितलं की प्रस्ताव शास्त्रज्ञाच्या नावानं हवा. त्या प्रती त्यांनी परत आणल्या. पाठकोऱ्या पानांवर आम्ही पुढं कित्येक महिने बॅचचे हिशेब लिहीत होतो.

मग हळूहळू वारं फिरलं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, २००० च्या सुमारास, न्यू मिलेनियम इंडियन टेक्नॉलॉजी लीडरशिप इनिशिएटिव्ह हा कार्यक्रम सुरू झाला. संस्था आणि कंपन्या यांनी एका विषयावर मिळून काम करायचं, ही कल्पना सरकारी कागदावर आली. २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं खास छोट्या उद्योगांसाठी स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह आणलं. अमेरिकेत छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी १९८२ मध्ये कायदा झाला होता. आपल्याकडे त्या धर्तीचं काही यायला तेवीस वर्षं लागली. विभागाचे सचिव तेव्हा डॉ. महाराज किशन भान होते, पेशानं बालरोगतज्ज्ञ.

डॉ. भान यांच्याच कामातून एक मोठं उदाहरण समोर आलं. दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात काही नवजात बाळांत रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला. तो त्या बाळांना आजारी पाडत नव्हता. त्यातून लस होऊ शकेल, हे डॉ. भान यांच्या लक्षात आलं. ती घडवायला भारतातल्या आणि अमेरिकेतल्या संस्था एकत्र आल्या, आणि बनवायची जबाबदारी घेतली १९९६ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या भारत बायोटेकनं. शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत ६,७९९ बाळं होती. दिल्ली, वेल्लोर आणि तिसरं ठिकाण आपलं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं शिरूर तालुक्यातल्या वढू इथलं केंद्र. मार्च २०१५ मध्ये लस बाजारात आली. बाळाच्या दुपट्यातला नमुना ते शिरूर तालुक्यातली आई, एवढा लांबचा प्रवास कुठल्याही एका संस्थेनं एकटीनं केला नसता.

पुण्यात २००७ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधारानं, नव्या कंपन्यांना हात देणारं व्हेंचर सेंटर उभं राहिलं. पाषाण रस्त्यावर मी पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा फाटकावरच्या वहीत "कशासाठी" या रकान्यासमोर माझं पेन सवयीनं थांबलं. मग मी लिहिलं, "कंपनीचं काम." पहारेकऱ्यानं वाचलं आणि आत जायचा रस्ता दाखवला. भाऊ तेव्हा नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांच्या मुलाला फोन केला.

२०१२ मध्ये बायरॅक आलं, म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योगाला हात देण्यासाठीच काढलेली सरकारी कंपनी. तिचं बिग नावाचं अनुदान नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत करतं. १ जानेवारी आणि १ जुलै या त्याचे अर्ज खुले होण्याच्या तारखा आता आमच्याकडे परीक्षांच्या तारखांसारख्या पाठ असतात. महागडी यंत्रं तासाच्या भाड्यानं मिळतात. अर्ज घरबसल्या जातो. आणि मार्च २०२० मध्ये पुण्यातल्या मायलॅबच्या करोना चाचणी संचाला मान्यता मिळाली, तेव्हा त्याची पारख करणारी राष्ट्रीय विषाणू संस्थाही याच गावातली होती. संशोधक आणि उत्पादक शेजारी राहून किती झपाट्यानं काम करू शकतात, हे त्या दिवसांत सगळ्यांनी पाहिलं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच काम करते. छोट्या उद्योगांना संशोधनाच्या प्रकल्पात शिरायला मदत. माझ्याकडे येणाऱ्यांची भीती आता वेगळी असते. दार उघडं आहे, पण आत कागदांचं रान आहे. अनुदानासाठी वेगळं खातं उघडायचं, ज्यावर बँकेला दुसऱ्या कर्जापोटी हात टाकता येणार नाही. प्रत्येक टप्प्यावर यूसी द्यायचं, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला. तो अडला की पुढचा हप्ता अडला. उत्तम काम चाललेलं असताना यूसीमुळे पगार थकलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यामुळे पहिल्या दिवशी मी प्रयोगाबद्दल बोलतच नाही. "हिशेब कोण लिहिणार?" हा माझा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे करार. संस्थेबरोबर बसायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून आणा, असं मी सांगते. आधीपासून कोणाचं काय आहे? नवीन निघेल ते कोणाचं? शोधनिबंध कधी छापायचा, पेटंटच्या अर्जाआधी की नंतर? आणि माणूस बदलला तर काय? पहिले तीन प्रश्न कुठलाही वकील सांगेल. चौथा मी भोसरीतून आणलाय.

मागच्या वर्षी विट्याजवळच्या एका गावातली मुलगी आली. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, वडिलांचं दूध संकलन केंद्र. तिला गायीच्या कासदाहासाठी चाचणीची पट्टी करायची होती. आमच्याकडे शेतकरी या रोगाला दगडी म्हणतात. कास सुजून दगडासारखी झाली की तो कळतो, पण त्याआधी कितीतरी दिवस तो आत लपून असतो, दूध कमी होतं आणि शेतकऱ्याला कारण सापडत नाही. आजवर चार सडांचं दूध चार वाट्यांच्या तबकात घेऊन त्यात द्रावण घालून बघतात. तिला एक पट्टी हवी होती, बुडवली की लाल रेघ दाखवणारी.

एका संस्थेतल्या डॉक्टरांनी तिला प्रतिपिंड दिलं होतं. ओळख कुणाची? कुणाचीच नाही. तिनं त्यांचा शोधनिबंध मोबाइलवर वाचला, ईमेल लिहिलं, त्यांनी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. ती हे सहज सांगत होती. भाऊंना मेहुण्यांच्या वर्गमित्रापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली होती, आणि ज्यांना तसे मेहुणे नव्हते ते पोचलेच नाहीत. जुन्या दिवसांचं मला कितीही प्रेम असलं तरी ही मुलगी त्या दिवसांत फाटकाबाहेर राहिली असती, हे मला विसरून चालणार नाही.

पण अर्जाचा मसुदा वाचताना मी एका ओळीवर अडले. पहिल्या टप्प्याचं यश म्हणून लिहिलं होतं, "प्रयोगशाळेत पट्टीची संवेदनशीलता सिद्ध." मी विचारलं, "डॉक्टरांनी तुमचं केंद्र पाहिलंय?"

"नाही मॅडम. आमचं सगळं व्हिडिओ कॉलवर असतं. दर सोमवारी, अर्धा तास."

"त्यांना एकदा पहाटे घेऊन जा."

ती बिचकली. एवढ्या मोठ्या माणसाला पहाटे पाचला गोठ्यात कसं बोलवायचं? मी डॉक्टरांना फोन केला. ते आनंदानं गेले. मीही गेले. अंधार होता, वीज गेली होती. तिच्या वडिलांनी कंदिलाजवळ ती पट्टी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाटं पाचला लाइट नसती. ही फिकट रेघ दिसायची कुणाला?" हात ओले होते, पट्टीची खालची बाजू भिजली होती. म्हशीच्या दाट दुधात तर रेघ वर चढलीच नाही, स्निग्धांशानं वाट अडवली होती. डॉक्टर खाली बसले, गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहीत राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "मला वाटलं होतं, आमच्याकडचं काम झालं." मी काही बोलले नाही. सर आठवले.

त्या सकाळनंतर अर्जातली ओळ बदलली. पहाटेच्या उजेडात, ओल्या हातानं, गायीच्या आणि म्हशीच्या दुधात, केंद्रावर बसणाऱ्या माणसाला स्पष्ट दिसेल अशी रेघ, हे पहिल्या टप्प्याचं यश ठरलं. काम वाढलं, वेळ वाढला. पण दोघांचं "झालं" आता एकाच वाक्यात आहे.

तेव्हाचं काय हरवलं, असं मला कुणी विचारलं तर मी फळा आणि चहा सांगेन. घड्याळाकडे न बघता बसायची ती सवय. १८ महिन्यांच्या मुदतीत, सोमवारच्या अर्ध्या तासात तशी बैठक आपोआप होत नाही, ती मुद्दाम घडवावी लागते. यंत्राच्या तासाचं भाडं अंदाजपत्रकात लिहिता येतं. दोन जगांच्या मधे बसणाऱ्या माणसाचा पगार लिहायला आजही लोक संकोचतात. मी प्रत्येक मसुद्यात तो रकाना भरायला लावते. कारण सरांनी ते काम प्रेमानं फुकट केलं, आणि ते गेल्याबरोबर ते काम संपलं.

विट्याच्या मुलीचा करार गेल्या महिन्यात झाला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यात एका ओळीत आहे: प्रतिपिंड देणाऱ्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या दोन ठिकाणी राहतील, एक संस्थेकडे आणि एक कंपनीकडे, आणि माणसं बदलली तरी दोघांचा हक्क बदलणार नाही. सही करताना तिनं विचारलं, "मॅडम, ही ओळ एवढी महत्त्वाची आहे का?" मी तिला बसची गोष्ट सांगितली. शाल, रंग, दापोडीचा पूल, सगळं.

कुपी द्रव नायट्रोजनच्या डब्यातून येणार होती, तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रासह. मांडीवर काही धरायची गरज नव्हती. तरी ती स्वतः संस्थेत गेली, डब्यासोबत गाडीत बसून आली, आणि टाकीत कुपी ठेवल्यावर तिनं मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, वेळ, कुपीचा क्रमांक. आणि "कोणाच्या ताब्यात" या रकान्यात तिच्या कंपनीचं नाव.